पिचली ती कासाराची

पारोळ्याची शेवंताबाई कासारीण तोंडाने फटकळ होती. बाईने हात पुढे केला की आधी त्या हातालाच चार शब्द ऐकवायची, "काय वं, तुना हात शेतस का कुदयी?" बाई हसायची, हसताना तिचा हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात शेवंताबाईने पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडावरून मनगटात उतरवलेलीही असायची. ही युक्ती तिला सासऱ्याने, जीवराम कासाराने शिकवली होती. दुखायच्या आत हसवून मोकळं व्हायचं, असं तो म्हणायचा.

सासऱ्याने आणखी एक गोष्ट शिकवली होती. ती युक्ती नव्हती, रीत होती. बांगडी अंगठ्याच्या हाडावरून पलीकडे जाईपर्यंत कासाराची. भरता भरता पिचली, तर ते नुकसान कासाराचं. एकदा मनगटात गेली की बाईची, मग ती जात्याशी आपटो नाहीतर जावेशी भांडताना जावो. नवी सून होती तेव्हा शेवंताबाईने एकदा तक्रार केली होती की एका आडदांड बाईच्या हातापायी आज चार बांगड्या गेल्या. जीवराम म्हणाला, "बांगडी पिचायची भीती वाटत असेल तर तू दुकानात बस आणि पितळी तांबे विक. ते आपटले तरी फुटत नाहीत."

या रीतीत एक गंमत होती, आणि बायकांना ती बरोबर ठाऊक होती. नुकसान कासाराचं, म्हणून बाई निर्धास्त. ती हात पुढे करून म्हणायची, "घट्ट भर वं, अक्का." चांगली भरलेली बांगडी मनगटाला बेताची बसते, भाकरी थापताना कोपराकडे पळत नाही की धुणं धुताना पंजावर घसरत नाही. तेवढी घट्ट बांगडी हाडावरून उतरवणं हीच तर कासारणीची कसोटी. बोटं साबणाच्या पाण्याने भिजवायची, अंगठा तळव्यात दुमडायचा, हाडाची गाठ दाबून धरायची, आणि बाईच्या तोंडाकडे बघत बोलत राहायचं. भरून झाल्यावर बाई, मग ती वयाने मोठी का असेना, वाकून कासारणीला नमस्कार करायची. शेवंताबाईला त्या नमस्काराचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

ती लग्न होऊन पारोळ्याला आली ती पहिल्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधी. त्या काळी बांगडी दोन वाटांनी यायची. बारीक, सोनेरी ठिपक्यांची बांगडी यायची ऑस्ट्रियाहून. ती आगबोटीने मुंबईला उतरायची आणि जळगावच्या एका मारवाडी पेढीवरून पेट्यांनी कासारांच्या घरी पोचायची. दुसरी बांगडी जाड, हिरवी, जरा ओबडधोबड. ती गल्लीच्या टोकाला वना काचाऱ्याच्या भट्टीत व्हायची. वना गावोगावच्या फुटक्या काचा वजनावर घ्यायचा, वितळवायचा, आणि सळईवर फिरवून त्यातून बांगडी काढायचा. नव्या नवरीला ती हौसेची वाटत नसे, पण रोजच्या कामाच्या हाताला चालायची.

लढाई लागली आणि ऑस्ट्रियाच्या पेट्या थांबल्या. ज्याच्याकडे जुना माल होता त्याने भाव चढवला. जीवरामनेही चढवला, तो काही संत नव्हता. पण फार चढवता येईना, कारण विलायती बांगडी डोईजड झाली की बायका सरळ उठून वनाच्या भट्टीकडे जायच्या. वनानेही या संधीत थोडा हात मारून घेतला, त्याच्या बायकोच्या गळ्यात त्या वर्षी नवी पोत दिसली. तरी गल्लीतली कुठलीही बाई त्या चार वर्षांत महागाईपायी अर्ध्या हाताने राहिली नाही.

मग जपानी बांगडी आली. लढाई संपायच्या आतच आली आणि नंतर तिचा पूर लोटला. एकसारखी, हलकी, इतक्या रंगांची की बायकांना निवडता येईना, आणि इतकी स्वस्त की आण्या-दीड आण्यात डझनभर. मजुरीला जाणाऱ्या बायकाही सणाला दोन्ही हात भरून घेऊ लागल्या. शेवंताबाईचे ते सुखाचे दिवस. पारोळ्याच्या आसपासची गावं तिच्या फिरतीची, पाच-सहा गावांत तिच्याशिवाय दुसरी कासारीण पाऊल टाकत नसे. नवरा सुकदेव दुकान सांभाळायचा आणि ती खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गावं करायची.

वनाच्या भट्टीचा धूर आधी दिवसाआड झाला, मग आठवड्याने, मग बंदच. वनाची बायको एकदा बांगड्यांची एक माळ घेऊन आली आणि म्हणाली, तुझ्या मालात एवढी टांगून बघ. शेवंताबाईने टांगली. गावोगाव नेली. कुणी हात लावला नाही, तेव्हा परत आणून दिली. तिला त्याचं फार दुःख झालं असं म्हटलं तर ते खोटं होईल. गिऱ्हाईक खूश होतं, घरात दोन वेळचं नीट शिजत होतं, आणि स्वस्त माल सोडून महाग घ्या असं बायकांना सांगणारी ती कोण? वना गेला, त्याचा मुलगा उखर्डू जळगावला कापसाच्या जिनमध्ये लागला, आणि भट्टीच्या जागी कुणीतरी म्हशी बांधल्या.

जळगावच्या पेढीवर आता बन्सीलाल बसत होता. बांगड्यांबरोबर तो थोडा कापसाचाही व्यवहार करायचा. त्याने एकदा शेवंताबाईला सांगितलं होतं, की खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस जपानच्या गिरण्या घेतात, मुंबईहून बोटी कापूस घेऊन जातात आणि बांगड्या, खेळणी, कापड घेऊन येतात. शेवंताबाईला ते फार आवडलं होतं. गावात कापूस वेचणाऱ्या बायकांना ती बांगड्या भरता भरता सांगायची, "तुना कापूस जपानले गया आणि बांगडी व्हईसन उना." बायकांना वाटायचं, अक्का थापा मारते.

एकेचाळीस सालच्या हिवाळ्यात जपान लढाईत उतरला. संक्रांतीच्या मालासाठी ती अमळनेरहून रेल्वेने जळगावला गेली, तर बन्सीलालच्या दुकानातल्या फळ्या निम्म्या रिकाम्या. जपानी माल होता तो त्याने आत ठेवला होता. पुढे होती फिरोजाबादची बांगडी, आणि तिचा भाव ऐकून शेवंताबाई खाली बसली ती उठेचना.

"शेठ, ही तर आपल्याच मुलखातली," ती म्हणाली. "हिला कुठला समुद्र ओलांडायचाय? हिचा भाव कशानं चढला?"

बन्सीलालने पाणी मागवलं. तो चांगला माणूस होता, म्हणजे भाव कमी करत नसे, पण समजावून सांगत असे. "बाई, जपानचा माल दारात होता तोवर फिरोजाबादवाला दबून होता. त्यानं दोन पैसे चढवले की गिऱ्हाईक जपानीकडे वळायचं. आता वळून जाणार कुठं? शिवाय काच करायला सोडा लागतो, तोही बोटीनंच यायचा. बोटींत आता दारूगोळा भरलाय. वर सरकार नोटा छापून ठेकेदारांना वाटतंय. नोटा पुष्कळ आणि माल मूठभर, मग काय होणार?"

"मागच्या लढाईतही बोटी थांबल्या होत्या. तेव्हा एवढं नव्हतं झालं."

"तेव्हाची गोष्ट वेगळी असेल," बन्सीलाल म्हणाला. "मी तेव्हा शाळेत जात होतो."

कशी वेगळी, ते तिला रस्त्यावर आल्यावर उमगलं, आणि ती तशीच वनाचा उखर्डू कामाला होता त्या जिनकडे गेली. जिनचं फाटक उघडं होतं, पण आत आवाज नव्हता. जपानला जाणारा कापूस अडकून पडला होता, त्याचा भाव कोसळला होता, आणि एकट्या बांगडीचाच नव्हे तर रॉकेलचा, कापडाचा, सगळ्याचाच चढला होता. उखर्डू सावलीत बिडी ओढत बसला होता.

"उखर्डू, तुले बाबानी भट्टी लावता येस का?" तिने विचारलं.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "अक्का, आग लावता येस. काच कशी करतस ते माले कोन सांगी? बाबानी भट्टी बंद पडनी तवय मी चड्डीमा व्हतू." मग बिडी विझवत म्हणाला, "आते काबर याद उनी भट्टीनी?"

ती पदर सावरून परतीच्या गाडीकडे निघाली. घरी येईपर्यंत ती स्वतःवर चिडलेली होती आणि घरी आल्यावर सगळ्यांवर.

चिडायला कारणही होतं. युद्धातली बांगडी महाग तर होतीच, वर ठिसूळही होती. सांधा कच्चा, काच बुडबुड्यांची. पूर्वी शंभरात एखाद-दुसरी पिचायची, आता एका हाताला दोन-तीन जायच्या. धुळ्याच्या बांगडीवाल्यांनी तर केव्हाच ठरवून टाकलं होतं, पिचली की तिचे पैसे गिऱ्हाईकाचे. शेवंताबाईची सून प्रमिला धुळ्याचीच, ती माहेरून हे ऐकून आली आणि तिने जेवताना हळूच विषय काढला.

"आत्याबाई, आपणही तसंच करू. दिवसभर फिरून तुम्ही येता आणि नफा सगळा चुऱ्यात जातो."

"धुळ्याचे बांगडीवाले उद्या गिऱ्हाईकाच्या हातातल्या जुन्या बांगड्याही काढून विकतील. आपण विकू?" शेवंताबाई म्हणाली. "मी पाच गावांत मान घेऊन फिरले. ती रीत मोडली तर मी कासारीण कसली? मग मी नुसती फेरीवाली."

सुकदेवने भात मागितला. तो अशा वेळी नेहमी भात मागायचा.

पण गावं कमी होऊ लागली. आधी एका गावातून संक्रांतीच्या वायनासाठी बोलावणं आलं नाही, मग दुसऱ्या गावात सुगीनंतरच्या लग्नाला बायकांनी बाजारातून बांगड्या आणल्या. शेवंताबाईला वाटलं, महागाईने बायकांची तोंडं फिरली. तिने आपला भाव कमी केला. स्वतःच्या हातातलं चांदीचं कडं तिने सुकदेवला न सांगता मोडलं आणि तो पैसा मालात घातला. तरी बोलावणी वाढेनात. कधी कधी ती गावात जायची तेव्हा बायका दारातून म्हणायच्या, "अक्का, हात भरेल शेतस, पुढल्या खेपले ये." आणि हात तर रिकामे दिसायचे. एका-दोघींनी हातात नुसता काळा दोरा बांधला होता. हे मात्र तिला आतपर्यंत लागलं. एवढा राग माझ्यावर, की सौभाग्याचा हात रिकामा ठेवतील पण मला हाक मारणार नाहीत?

त्रेचाळीस सालच्या वैशाखात बोरखेड्याहून कमलबाईचं बोलावणं आलं. बोरखेडं तिचं सगळ्यात जुनं गाव, आणि कमलबाईच्या लग्नातला चुडाही शेवंताबाईनेच भरलेला. आता कमलबाईच्या मुलीचं, धुरपीचं, लग्न होतं. शेवंताबाईने बन्सीलालकडून होता तो सगळ्यात चांगला हिरवा माल आणला. तिने मनाशी ठरवलं होतं, हा चुडा असा भरायचा की बोरखेडं पुन्हा आपलं झालं पाहिजे. ते गेलं तर गावं करण्यात काही अर्थ उरला नव्हता.

ओसरीवर बायका जमल्या. धुरपीचे हात शेतात राबलेले, गाठी टणक. शेवंताबाईने नेहमीप्रमाणे त्या हातांना शिव्या घातल्या, पण पोरगी हसली नाही. ती बांगडीकडे बघत होती. पहिली गेली. दुसरी हाडावर पिचली. शेवंताबाईने चुरा बाजूला सारला, माप तेच ठेवलं, आणि पुन्हा घेतली. तीही पिचली. बायकांतून कुणीतरी चुकचुकलं. पाचवी की सहावी पिचली तेव्हा धुरपीने हात मागे ओढला आणि पदराखाली घेतला.

"बस, अक्का," ती म्हणाली. "इतल्याच ऱ्हाऊ दे."

"इतल्याच? तीन बांगड्यांवर नवरी मांडवात जाईल?" शेवंताबाईचा आवाज चढला. "दुखलं का गं? आण इकडे."

"दुखनं नई."

"मग?"

पोरीने पदर आणखी आवळून घेतला. शेवटी कमलबाई जवळ सरकून बसली आणि खालच्या आवाजात बोलली, पण ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं. "अक्का, राग नको मानू. बठ्ठ्या बायास्ले म्हायीत शे, एक एक पिचस ती तुना पोटमातून जास. तू काही बोलत नई, हसत ऱ्हास, आनि आम्हना जीव वर खाले व्हस. हात पुढे करानी शरम वाटस. म्हनीसन बाया तुले बलावतस नई."

शेवंताबाईला क्षणभर काही कळलं नाही. मग सगळं कळलं. वायनाची बोलावणी, "हात भरेल शेतस," मनगटातले काळे दोरे. भाव महाग म्हणून नव्हे, तिच्यावर राग म्हणून नव्हे. बायका तिला वाचवत होत्या. ती जितकी रीत घट्ट धरून बसली होती तितक्या त्या लांब जात होत्या, आणि ती मात्र माणसं चुकली, काळ चुकला, म्हणून बोटं मोडत होती. तिला एकदम रडू आलं. आजवर कुठल्याही गिऱ्हाईकासमोर ती रडली नव्हती. आता मात्र तिने डोळे पुसले नाहीत, कारण तिचे हात साबणाचे होते.

बाहेर वाजंत्री वाजायला लागली. धुरपीचा हात पदराखालून बाहेर येईना. शेवंताबाई तिच्याकडे बघत राहिली. समजावून ती हात देणार नाही, हे दिसतच होतं. रागावूनही देणार नाही. तो हात ज्याने बाहेर येईल अशी एकच गोष्ट उरली होती, आणि ती सांगायला शेवंताबाईची जीभ उचलेना. सासऱ्याचं तोंड तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने ते बाजूला केलं.

"कमल," ती म्हणाली, "येथून पुढे पिचनी ती अर्धी तुनी, अर्धी मनी. अर्ध्याना पैसा मी लेसू. मंजूर?"

कमलबाईने चटकन होकार दिला, इतक्या चटकन, की तिने तो किती दिवस तयार ठेवला होता ते सगळ्यांना दिसलं. ओसरीवरच्या बायका मोकळ्या होऊन बोलायला लागल्या. धुरपीने हात पुढे केला. त्यानंतर दोन पिचल्या, बाकीच्या उतरल्या, आणि नवरी भरल्या हातांनी मांडवात गेली. जाण्याआधी तिने वाकून नमस्कार केला. कमलबाईने ठरल्याप्रमाणे पैसे हातावर ठेवले. शेवंताबाईने ते घेतले, घ्यायलाच हवे होते. परत येताना बैलगाडीत तिने ते कनवटीला लावले नाहीत, मुठीतच धरले.

बोरखेडं तिचं राहिलं. बाकीचीही गावं हळूहळू परत आली. एका गावाची गोष्ट दुसऱ्या गावात जायला कितीसा वेळ लागतो? "अक्का आते अर्धी लेस" हे ऐकून बायका पुन्हा हाका मारू लागल्या. प्रमिलाने सासूपुढे कधी फुशारकी मारली नाही. तेवढी ती शहाणी होती. मोडलेलं कडं परत घडवता आलं नाही, सोनं-चांदीही त्या वर्षांत आभाळाला भिडली होती, पण घर चालू लागलं.

बदल एवढाच झाला, की बायका आता "घट्ट भर" म्हणेनाशा झाल्या. अर्धं नुकसान आपलं म्हटल्यावर हात आपोआप सांभाळून पुढे येऊ लागला. "जराशी मोठी दे ना, अक्का," असं म्हणू लागल्या. शेवंताबाई मोठी देऊ लागली. मोठ्या बांगड्या सहज जायच्या, पिचायच्या नाहीत, आणि भाकरी थापताना कोपरापर्यंत पळायच्या. बोटांत जी ताकद आणि जो हिशेब तिने तीस वर्षं जपला होता, त्याचं आता फारसं काम उरलं नाही.

लढाई संपली. पुढच्या दोन वर्षांत जळगावच्या फळ्या पुन्हा भरल्या. ज्वारी आणि कापड काही उतरलं नाही, पण बांगडी उतरली. माल पुष्कळ येऊ लागला, काच पुन्हा चांगली झाली, आणि दुकानदार एकमेकांच्या भावाला टपून बसले. बन्सीलाल म्हणाला, आता पुन्हा स्वस्ताई येणार बघा. शेवंताबाईला मनातून फार आनंद झाला. भाव खाली आला, म्हणजे तिला आता पूर्वीसारखं वागता येणार होतं. सत्तेचाळीसच्या श्रावणात ती त्याच आनंदात बोरखेड्याला गेली.

कमलबाईच्या शेजारच्या घरी नवी सून आली होती, शिंदखेड्याकडची. तिने हात पुढे केला. शेवंताबाईने मुद्दाम बेताचं, घट्ट माप निवडलं, अंगठा तळव्यात दुमडला, आणि बऱ्याच वर्षांनी बोटांत जुना जोर आणला. तीन सुरेख उतरल्या. चौथी पिचली. शेवंताबाईने हसून चुरा बाजूला सारला आणि पुढची उचलली, तोवर सुनेने कनवटीचा पैसा काढून जमिनीवर, चुऱ्याच्या शेजारी ठेवला होता.

"हाई काय?" शेवंताबाई म्हणाली. "उचल तो. पिचली ती कासाराची."

सून गोंधळली. तिने सासूकडे पाहिलं, मग शेवंताबाईकडे. तिला वाटलं असावं की म्हातारी आपली परीक्षा बघतेय. "नई अक्का," ती अदबीने म्हणाली, "अर्धी आम्हनी. रीतच शे ना तशी."

"कोणी लावली गं ही रीत?"

"कोन लाई?" पोरगी हसली. "पयलेपासूनच शे."

पैसा तसाच पडलेला होता आणि पोरगी हात पुढे धरून बसली होती, आता जराशी मोठी दे म्हणत. शेवंताबाईने मोठं माप काढलं आणि भरायला घेतलं.